बेल्जियम-नेदरलँड्सला जाताय? खाण्यापिण्याबद्दल आम्हाला हमखास विचारले जाणारे प्रश्न

आम्ही आइंडहोव्हनला राहतो. इथून बेल्जियमची हद्द गाडीने अर्ध्या तासावर. उन्हाळा आला की पुण्या-नाशिकहून पाहुणे येतात आणि निघण्याआधी सगळ्यांचे फोनवर तेच प्रश्न असतात. ठेपले किती बांधू, तिथे खायला काय मिळतं, मुलांचं कसं होईल. ठेपले जरूर आणा, पण सगळ्या जेवणांना पुरतील इतके आणू नका. इथलं खाणं चाखायला जागा ठेवा, एवढाच आमचा आग्रह.

दोन्ही देशांचं खाणं सारखंच असतं का?

नाही. बेल्जियमच्या उत्तरेला फ्लांडर्समध्ये डच बोलतात आणि दक्षिणेला वालोनियात फ्रेंच. स्वयंपाकाचा कल मात्र दोन्हीकडे फ्रान्सकडे झुकलेला. लोणी, साय, मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं मांस आणि रश्शात वाइनऐवजी बिअर. माणसं जेवायला बसली की लवकर उठत नाहीत. डच घरात दुपारचं जेवण म्हणजे पाव, चीज आणि ग्लासभर दूध किंवा ताक. गरम जेवण दिवसातून एकदाच, संध्याकाळी सहाला. नेदरलँड्सच्या दक्षिणेकडचे लोक खाण्याच्या बाबतीत स्वतःला अभिमानाने ‘बुर्गुंडियन’ म्हणवतात, म्हणजे चांगलंचुंगलं आणि निवांत खाणारे. त्या शब्दात उत्तरेच्या काटकसरी पंगतीला एक टोमणाही असतो.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. निभाव लागेल का?

लागेल, पण विचारून खावं लागेल. इथे शाकाहारी म्हटलं की मांस-मासे नाहीत एवढंच समजतात. अंडं आणि दूध चालतं असं गृहीत धरतात. अंडं नको असेल तर वेगळं सांगा. डचमध्ये ‘इक एट खेन व्लेस, खेन व्हिस’ म्हणजे मी मांस खात नाही, मासे खात नाही. ‘सोंडर आय’ म्हणजे अंड्याशिवाय. वालोनियात ‘सां व्यांद, सां प्वासों’ म्हणा.

फसगत होते ती न दिसणाऱ्या गोष्टींत. सूपचा रस्सा बहुतेकदा हाडांचा असतो. जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असतं. बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेलं विरजण वापरतात; ते नको असेल तर शाकाहारी विरजणाचं चीज मागा, सुपरमार्केटमध्ये तसं लिहिलेलं असतं. आणि बेल्जियमच्या फ्राइज. त्याबद्दल पुढच्या प्रश्नात सविस्तर सांगतो, कारण तिथे आमच्याच घरच्या माणसांना मनस्ताप झाला आहे.

राहण्यासाठी शहर निवडायची मोकळीक असेल तर गेंट निवडा. २००९ पासून तिथे गुरुवार हा शाकाहाराचा वार म्हणून पाळला जातो आणि एरवीही बहुतेक खानावळींत शाकाहारी ताट असतं. जैन असाल तर अँटवर्प. तिथल्या हिऱ्यांच्या व्यापारात पालनपूरकडची गुजराती जैन कुटुंबं पिढ्यांपासून आहेत, शहराच्या विल्राइक भागात त्यांचं मोठं देरासर, म्हणजे जैन मंदिर, आहे आणि रेल्वे स्टेशनलगतच्या हिरेबाजारात शाकाहारी भारतीय जेवण मिळतं.

नेहमीच्या हॉटेलात काय मागाल? बेल्जियममध्ये चीज क्रोकेट: बाहेरून कुरकुरीत, आतून वितळलेलं चीज. नेदरलँड्समध्ये ‘कासूफ्ले’, म्हणजे चीज भरून तळलेली चपटी कचोरीच. त्यासोबत बटाट्याचं भरीत आणि वाफवलेल्या भाज्या. अंडं चालत असेल तर पॅनकेक.

बेल्जियन फ्राइजचं एवढं कौतुक कशासाठी?

कारण तिथे तो बाजूला वाढलेला बटाटा नाही, तो स्वतः एक पदार्थ आहे. त्यांना ‘फ्रेंच’ फ्राइज म्हणू नका. बेल्जियन माणसाला ते लागतं. गावोगावी चौकात ‘फ्रितकोट’ नावाची टपरी असते आणि आपल्याकडे वडापावच्या गाडीवरून जसे वाद होतात तसे तिथे कुणाची फ्रितकोट चांगली यावरून होतात.

करण्याची रीत अशी. बिंत्ये नावाचा पिठूळ बटाटा, बोटाएवढ्या जाड कापा. आधी मंद तेलात तळून आतून शिजवून घेतात, बाहेर काढून निववतात आणि गिऱ्हाईक आलं की कडक तापलेल्या तेलात पुन्हा तळतात. आपण बटाटेवडा एकदाच तळतो, पण कुरडई-पापड्या करणाऱ्याला तेलाच्या आचेचं महत्त्व सांगायला नको. दोनदा तळल्यामुळे बाहेर कवच धरतं आणि आत मऊ राहतं. कागदाच्या कोनात भरून वर मेयोनीज. तिखट हवं असेल तर ‘सामुराई’ सॉस मागा, टोमॅटो आणि ढोबळी मिरचीच्या चवीचा ‘आंदालूज’ही छान.

आता ती महत्त्वाची गोष्ट. जुन्या पद्धतीच्या टपऱ्यांत हे तळण गायीबैलांच्या चरबीत होतं. खरी बेल्जियन चव त्या चरबीचीच, असं ते मनापासून मानतात आणि लपवतही नाहीत. आमच्या एक मावशी आयुष्यभर शाकाहारी. बटाटाच तर आहे, म्हणून ब्रुजमध्ये दोन दिवस आनंदाने फ्राइज खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी पाटी वाचली. त्यांना झालेलं दुःख मी विसरू शकत नाही. विचारायची जबाबदारी माझी होती. म्हणून सांगतो, पाटीवर ‘रुंडव्हेट’ किंवा फ्रेंच भागात ‘ग्रेस द बफ’ दिसलं तर ती बीफची चरबी. ‘प्लांटार्दिख’ किंवा ‘व्हेजेताल’ म्हणजे वनस्पती तेल. एकाच कढईत मांसाचे प्रकारही तळतात का, हेही विचारा. राग कुणी मानत नाही.

नेदरलँड्समध्ये बहुतेक ठिकाणी वनस्पती तेल असतं. तिथे उत्तरेला याला ‘पाताट’ म्हणतात, दक्षिणेला ‘फ्रित’. ‘पाताट्ये ओर्लोख’ म्हणजे शब्दशः युद्धाचा बटाटा: मेयोनीज, शेंगदाण्याचा साते सॉस आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा. शेंगदाण्याच्या कुटावर वाढलेल्या माणसाला ही चव लगेच आपली वाटते.

वाफल ब्रुसेल्सचं घ्यावं की लीजचं?

दोन्ही, पण वेगवेगळ्या दिवशी. ब्रुसेल्सचं आयताकृती, हलकं, खोल खणांचं. त्यावर फक्त पिठीसाखर. लीजचं कडेला वेडंवाकडं, घट्ट, आणि पिठात साखरेचे खडे घातलेले. तापलेल्या साच्यात ते खडे वितळून वाफलाला पाकाचं खरपूस कवच येतं. ते हातात धरून चालत चालत खायचं. ब्रुसेल्सच्या मुख्य चौकाजवळच्या खिडक्यांतून क्रीम, स्ट्रॉबेरी आणि चॉकलेटचे डोंगर रचलेले वाफल दिसतील. त्यात वाफल सापडत नाही. साधं, गरम आणि समोर भाजलेलं घ्या.

मासे खाणाऱ्यांनी काय चुकवू नये?

हारिंग. ‘कच्चा मासा कसा खायचा?’ असं म्हणून मालवणची माणसंही आधी मागे सरतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. हारिंग हा आपल्या तारलीच्या कुळातला मासा. मे-जूनमध्ये त्याच्या अंगावर चरबी चढते. १६ टक्क्यांहून कमी चरबी असेल तर त्याला ‘हॉलंड्से नियुवे’, म्हणजे हॉलंडचा नवा मासा, असं म्हणता येत नाही. पकडल्यावर कल्ले आणि आतडी काढतात, पण स्वादुपिंड मुद्दाम ठेवतात. त्यातली पाचक द्रव्यं मिठाच्या पाण्यात मासा मुरवतात. त्यामुळे तो शिजलेला नसला तरी कच्चाही राहत नाही. लोण्यासारखा मऊ होतो. जंतांचा धोका राहू नये म्हणून तो गोठवणं कायद्याने बंधनकारक आहे.

मोसम जूनच्या मध्याला सुरू होतो. द हेगजवळच्या स्खेव्हेनिंगेन बंदरात त्या सुमाराला झेंड्यांचा दिवस साजरा होतो आणि पहिल्या पिंपाचा लिलाव होऊन पैसे सत्कार्याला जातात. नारळी पौर्णिमेनंतर पहिली होडी पाण्यात जाते तेव्हाची किनाऱ्यावरची लगबग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वातावरण ओळखीचं वाटेल. खायचं कसं? शेपटी धरून, मान मागे करून, चिरलेल्या कांद्यासकट. अ‍ॅमस्टरडॅममध्ये तुकडे करून काकडीच्या लोणच्याबरोबर देतात; पहिल्या वेळी तसा घ्या.

हे जमणारच नसेल तर त्याच गाडीवर ‘किबलिंग’ मिळतं: पिठात घोळून तळलेले माशाचे तुकडे, गरमागरम. माशाच्या भज्यांवर वाढलेल्या कुणालाही ते आवडतंच.

बेल्जियममध्ये शिंपल्यांची हंडी. गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात त्यांच्याच कुळातले काळे शिंपले, कांदा, सेलरी आणि पांढरी वाइन घालून वाफवलेले, एकेका माणसासमोर जवळपास किलोभर, सोबत फ्राइज. बरेचसे येतात ते शेजारच्या डच झेलंड प्रांतातल्या येरसेक गावाहून. मोसम जुलैपासून हिवाळ्यापर्यंत. काटा वापरू नका. पहिला शिंपला खाऊन झाला की त्याचीच जोडी चिमट्यासारखी धरून पुढचे काढायचे. तळाचा रस्सा पावाने पुसून घ्यायला विसरू नका. तिसऱ्या-शिंपल्यांच्या रश्शाला आपण भात ठेवतो तसंच.

आणि करडी कोळंबी. उत्तर समुद्रातली ही बोटाच्या पेराएवढी कोळंबी चवीला गोडसर असते. बेल्जियमच्या ओस्टडाउनकेर्के गावात दणकट घोड्यांवर बसून, छातीभर पाण्यात जाळं ओढत ती पकडण्याची जुनी रीत अजून टिकून आहे. २०१३ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. कोळंबीचं क्रोकेट किंवा पोकळ केलेल्या टोमॅटोत भरलेली कोळंबी मागा.

मांसाहारी पारंपरिक पदार्थ कोणते?

गेंटचं ‘वाटरझोई’: पूर्वी माशाचं, आता बहुतेकदा कोंबडीचं, भाज्या आणि साय घातलेलं सौम्य कालवण. आजारी माणसालाही चालेल इतकं मवाळ. ‘स्टोफव्लेस’ हे बिअरमध्ये मुरवत शिजवलेलं बीफ. रस्सा घट्ट करायला मोहरीची चटणी लावलेला पाव त्यात सोडतात. बीफ खात नसाल तर बेल्जियममध्ये ‘रुंड’ आणि ‘बफ’ हे दोन शब्द पाठ करून ठेवा. पावाच्या दुकानात ‘फिले अमेरिकेन’ नावाचा गुलाबी लेप दिसेल, तो कच्च्या बीफचा असतो. नावावरून काहीच कळत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

डच जेवण बेचव असतं म्हणतात, खरं का?

मिळमिळीत म्हणा, बेचव म्हणू नका. थंडीत, बाहेर चारलाच अंधारून आलेलं असताना ‘स्टाम्पपॉट’ची वाफाळती बशी समोर आली की ते कळतं. बटाटा आणि केल नावाची हिरवी पालेभाजी एकत्र घोटलेली, वर धुरी दिलेलं सॉसेज, आणि भाताला आळं करावं तसं मधे आळं करून त्यात ओतलेला रस्सा. सॉसेज न घालता मागता येतं. आम्ही घरी वरून लसणाची फोडणी देतो. शेजारच्या डच आजींनी एकदा चाखली आणि आता त्या स्वतःहून मागून घेतात.

‘हुत्स्पॉट’ हा त्यातलाच प्रकार, गाजर-कांदा-बटाट्याचा. त्यामागे इतिहास आहे. १५७४ मध्ये स्पॅनिश फौजेने लायडेन शहराला वेढा घातला होता, लोक उपासमारीने मरत होते. डच बंडखोरांनी बांध फोडून शेतांत पाणी सोडलं आणि ३ ऑक्टोबरला स्पॅनिश सैन्य पळालं. त्यांच्या सोडून दिलेल्या छावणीत चुलीवर एक हंडी सापडली, तीच हुत्स्पॉट, अशी आख्यायिका. अजूनही दर ३ ऑक्टोबरला लायडेनमध्ये घरोघरी हुत्स्पॉट होतो आणि सकाळी हारिंग आणि पांढरा पाव वाटतात, कारण सुटका झालेल्या शहराला पहिलं अन्न तेच मिळालं होतं. त्या दिवशी तिथे असाल तर रांगेत उभे राहा.

‘स्नेर्ट’ म्हणजे वाटाण्याच्या डाळीचं दाट सूप. चमचा उभा राहिला पाहिजे ही त्याची कसोटी. त्यात डुकराचं मांस असतंच, विचारूनच घ्या.

चीज कुठलं घ्यावं? बाजार बघायला जावं का?

आधी उच्चार: आपण ज्याला गौडा म्हणतो ते इथे ‘खाउदा’. ते गावाचं नाव. चीजवर ‘योंग’ लिहिलं असेल तर कोवळं, साधारण महिन्याभराचं. ‘बेलेखन’ म्हणजे काही महिने मुरलेलं. ‘आउट’ म्हणजे जुनं. जुनं चीज कडक, खारट-गोड होतं आणि दाताखाली बारीक कण लागतात. तो दोष नाही, मुरल्याची खूण आहे. पुण्यात मिळणारं चीज खाऊन ज्यांना चीज नावडतं ठरलं आहे, त्यांनी जुन्या खाउद्याचा एक पातळ काप जिभेवर ठेवून बघावा.

आमचं सगळ्यांत लाडकं मात्र लायडेनचं, कारण त्यात जिरं असतं! अख्खं जिरं, चीजभर पेरलेलं. फ्रिसलंड प्रांतात जिऱ्याबरोबर लवंगही घालतात. लवंग खिळ्यासारखी दिसते म्हणून त्याचं नाव ‘नाखलकास’, खिळ्यांचं चीज. गरम भाकरीवर लायडेनचं चीज किसून घाला आणि मग मला सांगा.

बाजार बघायचा असेल तर आल्कमारला शुक्रवारी सकाळी जा, एप्रिल ते सप्टेंबर. पांढऱ्या कपड्यांतले हमाल पाळण्यासारख्या लाकडी डोल्यांवर चीजच्या चकत्या वाहून नेतात. हा आता मुख्यतः पर्यटकांसाठीचा सोहळा आहे, खरेदी-विक्री अशी होत नाही. तरी मुलांना दाखवावा.

इथल्या गोड पदार्थांत आपल्या मसाल्यांचा वास का येतो?

कारण ते आशियातूनच आले. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लवंग, जायफळ, जायपत्री, दालचिनी, मिरी भरून अ‍ॅमस्टरडॅमला येत. सतराव्या शतकात या कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. त्या इमारतीचे अवशेष आजही तिथे उभे आहेत. या मसाल्यांची किंमत माणसांनी मोजली आहे हेही सांगायला हवं. जायफळाच्या मक्तेदारीसाठी १६२१ मध्ये कंपनीने बांदा बेटांवरचे हजारो रहिवासी मारले किंवा देशोधडीला लावले.

हे मसाले ‘स्पेक्युलास’मध्ये एकत्र भेटतात. दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ, वेलची घातलेली ही खुसखुशीत बिस्किटं कोरीव लाकडी साच्यांत दाबून करतात. ५ डिसेंबरला संत निकोलसच्या सणाला घरोघरी असतात. बेल्जियमचं ‘स्पेक्युलोस’ त्याहून सौम्य, जळक्या साखरेच्या चवीचं. भारतात आता सगळीकडे दिसणारं लोटस बिस्कॉफ हे तेच. १९३२ मध्ये लेम्बेके गावात सुरू झालेलं.

नेदरलँड्समध्ये इंडोनेशियन आणि सुरिनामी जेवण का खायचं?

कारण ते इथलंच झालं आहे. ‘राइस्टाफल’, म्हणजे भाताचं टेबल, हा प्रकार इंडोनेशियातल्या डच वसाहतवाल्यांनी रुढ केला: मधे भात, भोवती दहा-पंधरा वाट्या. आपल्या थाळीचंच भावंडं. द हेगमध्ये चांगलं मिळतं. शाकाहाऱ्यांनी मात्र लक्ष द्या, सांबाल चटणीत आणि भाज्यांतही बऱ्याचदा ‘त्रासी’, म्हणजे कोळंबीचं आंबवलेलं वाटण, असतं.

सुरिनामची गोष्ट मला जास्त जवळची. दक्षिण अमेरिकेतल्या या डच वसाहतीत गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेले. कलकत्त्याहून निघालेलं ‘लाला रूख’ हे पहिलं जहाज जून १८७३ मध्ये पारामारिबोला पोचलं. १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार माणसं गेली, बहुतेक भोजपुरी-अवधी मुलखातली. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झालं तेव्हा त्यांच्यातले हजारो जण नेदरलँड्सला आले. त्यांच्या टपरीत ‘रोती’ मागितलीत तर मोठी मऊ पोळी, हळदीच्या रंगाचा बटाट्याचा रस्सा, लांब चवळीच्या शेंगांची भाजी, उकडलेलं अंडं आणि कोंबडी येते. शाकाहारी ताटात कोंबडीऐवजी भोपळ्याची भाजीही मिळते. पोळीत भरडलेल्या डाळीचं सारण असतं, पुरणाचं तिखट भावंडं म्हणा. हाताने खातात. ‘बारा’ म्हणजे उडदाच्या डाळीचा वडा, नावासकट तोच. दीडशे वर्षांत तीन खंड फिरून आलेली ही पोळी पहिल्यांदा मोडली तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

बेल्जियन बिअरमध्ये विशेष काय? कुठून सुरुवात करू?

भारतात बिअर म्हणजे थंडगार, पिवळी, एकाच चवीची. बेल्जियममध्ये तिचे शेकडो प्रकार आहेत आणि प्रत्येकीचा ग्लास वेगळा. २०१६ मध्ये युनेस्कोने इथल्या बिअर संस्कृतीला वारशाचा दर्जा दिला.

सुरुवात गव्हाच्या पांढऱ्या बिअरने करा. हुगार्डन गावची ही जात विसाव्या शतकाच्या मध्यात जवळजवळ संपली होती; पियेर सेलिस या गावातल्याच माणसाने १९६० च्या दशकात तिला पुन्हा उभं केलं. त्यात संत्र्याची साल आणि धणे असतात. पहिल्या घोटाला धण्याचा वास ओळखता येतो.

मग ट्रॅपिस्ट. हे नाव फक्त त्याच बिअरला, जी मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली बनते आणि जिचा पैसा मठाच्या निर्वाहाला आणि दानधर्माला जातो. वेस्टमाले, ऑर्व्हाल, शिमे, रोशफोर सगळीकडे मिळतात. वेस्टव्लेटरनची मात्र मठाकडे आधी नोंदवून न्यावी लागते, किंवा मठासमोरच्या कॅफेत बसून प्यावी. जपून प्या: वेस्टमालेच्या ट्रिपलमध्ये ९.५ टक्के मद्यार्क असतो.

शेवटी ‘लांबिक’, ब्रुसेल्स आणि लगतच्या पायोटनलंडची. हिला बाहेरून यीस्ट घालतच नाहीत. धान्याचं उकळलेलं गोडसर पाणी थंडीच्या महिन्यांत रात्रभर उथळ, पसरट टाकीत उघडं ठेवतात आणि हवेतले जीव ते आंबवतात. आंबोळीचं पीठ रात्रभर ठेवणाऱ्या घराला यात नवल वाटू नये. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लांबिकचं मिश्रण म्हणजे ‘ग्यूझ’. चव आंबट, कोरडी, कांजीच्या जवळ जाणारी. आंबट चेरी घातलेली ती ‘क्रीक’. ब्रुसेल्सच्या आंडरलेख्त भागात १९०० पासून चालू असलेली कांतियोंची भट्टी आतून बघता येते.

आणि येनेव्हर?

जिनचं मूळ. ज्युनिपरच्या फळांचा वास लावलेलं हे मद्य नेदरलँड्सचं स्खिडाम आणि बेल्जियमचं हासेल्ट या गावांचं भूषण. ‘आउडे’ आणि ‘योंगे’ या शब्दांचा वयाशी संबंध नाही. आउडे म्हणजे जुन्या रीतीचं, धान्याच्या चवीचं. ट्युलिपसारखा ग्लास काठोकाठ भरतात. उचलला तर सांडेल, म्हणून पहिला घोट हात मागे बांधून, वाकून घ्यायचा.

आम्ही दारू घेत नाही. आमच्यासाठी काय?

‘कार्नेमेल्क’! हे ताकच. सुपरमार्केटमध्ये दुधाशेजारी मिळतं. मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड सोबत ठेवा, प्रवासातला निम्मा शीण जातो. थंडीत गरम चॉकलेट दूध. कॅफेत ‘मंटथे’ मागितलात तर उंच ग्लासात गरम पाणी आणि पुदिन्याच्या अख्ख्या काड्या येतात, सोबत मध. दुधाळ कॉफी हवी असेल तर ‘कॉफी व्हेर्केर्ड’.

अ‍ॅमस्टरडॅमच्या ‘कॉफीशॉप’मध्ये कॉफी मिळते ना?

तिथे गांजा विकतात. कॉफीसाठी ‘कॅफे’ किंवा ‘कॉफीहाउस’ अशी पाटी बघा. त्या दुकानांतला केकही साधा नसतो, मुलांना कुणी देऊ नये.

चॉकलेट घेताना काय बघायचं?

झां न्यूहाउस यांनी १८५७ मध्ये ब्रुसेल्सच्या राजेशाही गॅलरीत औषधांचं दुकान काढलं आणि कडू औषधांवर चॉकलेटचं आवरण द्यायला सुरुवात केली. त्यांच्या नातवाने १९१२ मध्ये औषधाऐवजी आत गोड सारण भरलं. तीच ‘प्रालीन’. म्हणून आठवण म्हणून आणायचं तर नुसती चॉकलेटची वडी आणू नका, प्रालीन आणा, सुटी, वजनावर, एकेक निवडून. साय घातलेल्या प्रालीन थोड्याच आठवडे टिकतात, म्हणून शेवटच्या दिवशी घ्या. काहींत मद्य असतं, विचारा. एप्रिल-मेमध्ये घरी परतणार असाल तर मुंबईच्या विमानतळाबाहेर गाडीत त्या वितळतील. डबा हातातल्या पिशवीत ठेवा.

सगळे डच खातात ती काळी गोळी कसली?

‘ड्रॉप’, ज्येष्ठमधाची. गोड प्रकार आपल्याला सहज आवडतो. खारट प्रकारात मात्र नवसागर असतो, ‘दुबेल झाउट’ म्हणजे दुप्पट खारट. पहिल्यांदा अर्धीच तोंडात टाका.

मुलं काय खातील?

सगळ्यांत आधी ‘पोफर्चेस’: आप्पेपात्रासारख्या तव्यावर भाजलेले नाण्याएवढे गोड आप्पे, वर लोणी आणि पिठीसाखर. त्यात सहसा दूध-अंडं असतं. मग ‘स्ट्रोपवाफल’: दोन पातळ वाफल आणि मधे काकवीसारखा पाक. बाजारात समोर भाजलेलं घ्या; पाकिटातलं असेल तर गरम चहाच्या कपावर झाकणासारखं ठेवा, पाक मऊ होतो. नाश्त्याला पाव-लोण्यावर चॉकलेटचे कण पेरतात, त्याला ‘हाखलस्लाख’ म्हणतात. इथली मोठी माणसंही ते रोज खातात, त्यामुळे मुलांना नाही म्हणणं अवघड होतं.

एक सुंदर रिवाज सांगायचा राहिला. बाळ जन्मलं की भेटायला येणाऱ्यांना कुरकुरीत टोस्टवर साखरेत घोळलेले बडीशेपेसारखे दाणे देतात, मुलगी असेल तर गुलाबी, मुलगा असेल तर निळे. ओल्या बाळंतिणीला दूध यावं म्हणून हे दाणे चांगले, अशी इथली जुनी समजूत. आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी आईने साताऱ्याहून बाळंतशेपा पाठवल्या होत्या. दोन्ही डब्या एकाच फळीवर होत्या.

जेवणाच्या वेळा, पाणी, टिप?

नेदरलँड्समध्ये लवकर जेवा, लहान गावांत नवाच्या सुमाराला स्वयंपाकघर बंद होतं. नळाचं पाणी दोन्ही देशांत पिण्याजोगं आहे, पण बेल्जियममध्ये हॉटेलात ते फुकट मिळेलच असं नाही. टिप बिलातच धरलेली असते. सेवा आवडली तर रक्कम वरच्या आकड्यापर्यंत पुरी करा. नेदरलँड्समध्ये कितीतरी ठिकाणी रोख घेतच नाहीत, कार्ड ठेवा. तिथे लहान बाटल्या आणि कॅनवर १५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटच्या यंत्रात परत मिळते. मद्यासाठी तिथे वय १८. बेल्जियममध्ये बिअर-वाइनला १६, कडक मद्याला १८.

परत येताना काय आणावं?

जिऱ्याचं चीज, हवाबंद पाकिटात. स्पेक्युलासचा लाकडी साचा, जुन्या बाजारात मिळाला तर. आणि गेंटच्या भाजीबाजाराच्या चौकातल्या टिअरेंटाइन या दुकानातली मोहरीची चटणी. हे दुकान १७९० पासून चालू आहे. लाकडी पिंपातून बरणीत भरून देतात. नाकात अशी झणकते की कैरीच्या लोणच्यात फेसलेली मोहरी आठवते. बरणी सामानाच्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत विमानतळावर अडवतात. घरी आल्यावर थंड ठेवा आणि लवकर संपवा, तिचा झणका महिन्यागणिक उतरत जातो.